आईच्या नावाची पाटी

आमच्या दफनभूमीत जागा कायमची मिळत नाही. पुण्यात जिवंत माणसाला मिळत नाही, तिथे मेलेल्याला कुठून मिळणार, असं बाबा म्हणायचे. कबरीला काही वर्षांची मुदत असते. ती संपली की चर्चच्या ऑफिसातून निरोप येतो. घरातलं कोणीतरी जाऊन उभं राहतं, कबर उकरतात, निघालेल्या अस्थी धुऊन पांढऱ्या कापडात बांधतात आणि दफनभूमीच्या भिंतीतल्या एका चौकोनी कोनाड्यात ठेवतात. त्या कोनाड्याला आम्ही नीश म्हणतो. त्याच्या तोंडावर नावाची संगमरवरी पाटी चार स्क्रूंनी बसवतात. निरोप जाऊनही घरचं कोणी आलंच नाही, तर त्या अस्थी मागच्या कोपऱ्यातल्या सामाईक विहिरीत टाकतात. विहीर म्हणजे पाण्याची नव्हे, सिमेंटचं झाकण असलेला खोल खड्डा. तिथे कोणाच्याही नावाची पाटी नसते.

मी कसब्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे. पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ बाईंनी स्टाफरूममध्ये मला विचारलं होतं, "अहो, तुम्ही ख्रिश्चन ना? मग तुमचं मराठी इतकं स्वच्छ कसं?" मी म्हटलं, "रोज धुते." पुढे त्यांची माझी चांगली मैत्री झाली. पण हा प्रश्न मला आजही वर्षातून दोनदा तरी विचारला जातो, म्हणून सांगून टाकते. आम्ही नगरकडचे. पणजोबांचा बाप्तिस्मा तिकडच्या एका खेड्यात झाला आणि तेव्हापासून आमच्या घरात देवाशी फक्त मराठीतच बोललं जातं. बाबा तरुणपणी पुण्यात आले, मार्केट यार्डात तोलणार म्हणून लागले आणि कांद्याच्या वासासकट तीस-पस्तीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये मराठी मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, तिसऱ्या बाकावर बसले. आई त्यांच्या शेजारी. मग मी, मग माझा धाकटा भाऊ.

आईला त्या विहिरीची भीती होती. तिच्या स्वतःच्या आईची कबर गावच्या शिवेवर होती, नुसती दगडांची. पुढे कोणीतरी शेत वाढवलं आणि त्यावरून नांगर फिरला. आई माहेरी गेली की त्या शेताच्या बांधावर उभी राहायची आणि अंदाजाने एका जागेकडे बघून क्रुसाची खूण करायची. शेवटच्या आजारात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मला विहिरीत टाकू देऊ नका. माझं नाव कुठेतरी लिहिलेलं असू दे." मी तिचा हात धरून हो म्हटलं. भाऊ पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होता, त्यानेही हो म्हटलं. तिला पुरताना तिच्या हातात तिची काळ्या मण्यांची जपमाळ गुंडाळली होती. ऑफिसातल्या फॉर्मवर सही भावाने केली, कारण 'जवळचा नातेवाईक' म्हटल्यावर कारकुनाने माझ्याकडे न बघता पेन त्याच्या हातात दिलं. मी तेव्हा काही बोलले नाही. एरवी मी बोलते.

आईच्या कबरीची मुदत संपली ती नेमकी साथीच्या दुसऱ्या वर्षी. मी रास्ता पेठेत एकटी राहते. आमची इमारत पत्रे लावून बंद केलेली होती. बाबा हडपसरला भावाकडे असायचे. त्यांना लागण झाली, ऑक्सिजन लागला, भाऊ रात्रंदिवस धावत होता आणि मी फोनला चिकटून बसले होते. बाबा वाचले. ते घरी आल्यावर पंधरवड्याने भावाचा फोन आला.

"ताई, आईचं झालं."

"काय झालं?"

"अगं, कबरीचं. निरोप आला होता. दोघांनाच परवानगी होती, म्हणून तुला बोलावलं नाही. फादर लांब उभे राहून प्रार्थना म्हणाले. सगळं नीट झालं. नीश घेतली आहे."

मी त्याला खूप बोलले. पाच मिनिटं फोनवर उभी राहिले असते, व्हिडिओ तरी लावायचास, असं काय काय. शेवटी तो म्हणाला, "सॉरी ताई," आणि मला वाटलं, बिचारा दमलाय, आपण उगाच तोंडसुख घेतलं. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून त्याची माफी मागितली. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

निर्बंध उठल्यावर आम्ही तिघं दफनभूमीत गेलो. भिंतीच्या दुसऱ्या रांगेत, छातीच्या उंचीवर, आईच्या नावाची पाटी होती. अक्षरं सुबक होती, वेलांट्या बरोबर होत्या. मी ते आधी बघितलं, सवयच आहे. मग भावाने खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात काळ्या मण्यांची जपमाळ होती, मण्यांच्या भोकांत माती अडकलेली. "आईच्या अस्थींत सापडली," तो म्हणाला. "म्हटलं, ही तुझ्याकडे राहू दे." बाबा पाटीकडे बघत होते. मी ती माळ ओठांना लावली. तिला मातीचा वास येत होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी, शाळेच्या वह्या तपासून झाल्या की, त्याच माळेवर मी रोझरीची प्रार्थना म्हणत आले.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्या सगळ्या मृतांचा दिवस असतो. शाळेत मी सांगते की आमचा पितृपक्ष एका दिवसात उरकतो. फाटकाबाहेर झेंडूचे ढीग आणि मेणबत्त्यांची दुकानं लागतात, लोक क्रुसांना चुना लावून ठेवतात, फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेरांगेने फिरतात. नगरहून माझी मावशी, आईची धाकटी बहीण, दरवर्षी एसटीने येते. गुडघे गेलेत तरी येते. त्या दिवशी आम्ही पाटीसमोर उभे राहायचो, मी, भाऊ, मावशी आणि बाबा. भाऊ सगळ्यांत मोठ्याने प्रार्थना म्हणायचा. बाबा टोपी काढून पाटीवरच्या नावावरून बोट फिरवायचे. एका वर्षी परत निघताना ते म्हणाले, "मला हिच्याजवळ ठेवा. दुसरं काही नको." मी त्यांनाही हो म्हटलं. पुढच्या वर्षीचा दोन नोव्हेंबर यायच्या थोडं आधीच ते गेले.

त्यांच्या कबरीची मुदत या वर्षी पावसाळा सरता सरता संपली. आता नियम बदलून मुदत तीन वर्षांवर आली आहे. निरोप भावाला आला, पण यावेळी मला ऑफिसातल्या बाईंनी मिस्सानंतर सहज सांगितलं, म्हणून कळलं. मी त्याला फोन केला.

"बाबांचं कधी करायचं ठरवलंस?"

"बघतो ना. तू टेन्शन घेऊ नकोस. वेगळी नीश घेऊ त्यांच्यासाठी, नवीन भिंत झाली आहे."

"वेगळी कशाला? आईच्याच नीशमध्ये ठेवायचं. तीन जणांचं मावतं तिथे."

"जुन्या नीश लहान आहेत."

"मी मोजते."

"ताई, तू येऊ नकोस त्या दिवशी. बघवणार नाही तुला."

मला सव्वीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांनी थापा मारल्या आहेत. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणताना मूल कुठे बघतं, हे मला पाठ आहे. फोनवर डोळे दिसत नाहीत, पण आवाजही तिकडेच बघत होता. तरीही मला वाटलं ते इतकंच, की पैसे वाचवायला त्याने नीश लहान घेतली असेल आणि आता लाजत असेल. त्यापलीकडे माझं डोकं गेलं नाही. आपलं माणूस म्हटलं की शहाण्या माणसाचीही अक्कल गहाण पडते.

अस्थी काढायच्या दिवशी मी त्याच्या आधी जाऊन बसले. राखणदार फुरसुंगीकडचा, साठीचा, हिंदू माणूस. आमच्या मेलेल्यांची त्याला आमच्यापेक्षा जास्त माहिती. त्याला म्हटलं, कबर उकरायच्या आधी ही पाटी काढून आत किती जागा आहे ते दाखवा. त्याने पाटीवरचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि स्क्रूड्रायव्हर आणायला गेला. स्क्रू गंजलेले होते. चौथा निघायच्या सुमारास भाऊ फाटकातून आत आला आणि आम्हाला बघून तिथेच थांबला.

आत कोळ्याचं जाळं होतं आणि सिमेंटच्या पिशवीचा एक तुकडा. एवढंच.

"ताई, ह्यात काय न्हाई," राखणदार म्हणाला. "ह्यात कवाच काय ठिवलं न्हाई. मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

मग त्याने वही आणून दाखवली. आईचं नाव, कबरीचा क्रमांक, आणि पुढे निळ्या शाईत: घरचे आले नाहीत, सामाईक विहीर. मी ती ओळ तीनदा वाचली. घरचे आले नाहीत. मी घरचीच होते. मला कोणी बोलावलं नव्हतं.

भाऊ फाटकाजवळच्या बाकावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने सगळं सांगितलं, एकदाही अडखळला नाही. त्याने ते मनात किती वेळा म्हटलं असेल. निरोप मोबाइलवर आला होता. तेव्हा पुरायला जागा नव्हती, म्हणून आठ दिवसांची मुदत दिली होती. बाबा ऑक्सिजनवर होते, तो इंजेक्शनसाठी शहरभर फिरत होता. निरोप वाचला आणि उद्या बघू म्हणून ठेवला. आठवलं तेव्हा बारा दिवस झाले होते. धावत गेला, तर आईच्या जागी दुसऱ्याच कोणाची माती ओली होती.

"मी तिथेच बसलो ताई. मला उठताच येईना. खरंच सांगतो."

यावर माझा विश्वास आहे. इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नाही, असंही मी म्हणेन. त्या दिवसांत कोणाचं काय सुटलं, याचा हिशेब देवसुद्धा मागणार नाही. त्याच दिवशी त्याने फोन केला असता, तर मी किंचाळले असते, आठ दिवस बोलले नसते, आणि मग आम्ही दोघं जाऊन त्या विहिरीपाशी मेणबत्ती लावली असती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला माफ केलं नसतंस."

"आणि आता करीन असं वाटतं?"

मग मी माळेचं विचारलं. मला वाटतं, ते विचारायला नको होतं. पण एकदा धागा ओढला की उसवतच जातं.

"चर्चबाहेरच्या स्टॉलवरची आहे," तो म्हणाला. "कुंडीतल्या मातीत चार दिवस ठेवली होती."

"हे तुला सुचलं?"

त्याने मान खाली घातली. "बाबांना. ते म्हणाले, तिच्या हातात काहीतरी दे, नाहीतर ती खणत बसेल."

म्हणजे बाबांना माहीत होतं. ते टोपी काढून उभे राहायचे, पाटीवरून बोट फिरवायचे, आणि त्यांना माहीत होतं. ती भिंत, ती मेणबत्ती, ते दोन नोव्हेंबर, सगळं माझ्यासाठी मांडलेलं होतं. घरातल्या तापट पोरीला गप्प करायला जसं लहानपणी हातात खुळखुळा द्यायचे, तसं. 'विश्वासघात' हा शब्द मी दरवर्षी सातवीला वाक्यात उपयोग करण्यासाठी देते. मुलं ठरलेली वाक्यं लिहितात, कोण्या राजाने मित्राचा विश्वासघात केला वगैरे. मी बरोबरची खूण करते आणि पुढे जाते.

बाबांच्या अस्थींचं त्या दिवशी काही केलं नाही. मी राखणदाराला म्हटलं, पाटी परत लावा, आठवड्याने येते. त्या आठवड्यात मी फादरांकडे गेले. पापनिवेदनाला म्हणून गेले, पण निवेदन दुसऱ्यांच्याच पापांचं केलं. ते केरळचे, तरुण, मराठी नवीन शिकलेले. शांतपणे ऐकून ते म्हणाले, "बाई, तुमची प्रार्थना आईला पोचली. देवाला पत्ता लागत नाही."

मी म्हटलं, "फादर, देवाला लागत नसेल. मला लागतो."

ते ओशाळले. माणूस चांगला आहे. मला म्हणाले, क्षमा करायला वेळ लागतो, घाई करू नका. मी घाई करत नव्हतेच. घरी येऊन माळ हातात घेतली, तर पहिल्या मण्यावरच बोट थांबलं. चार-साडेचार वर्षं मी त्या मण्यांवर आईची बोटं शोधली होती. स्टॉलवाला सोडला तर ते मणी माझ्याआधी कोणाच्याच बोटांतून गेले नव्हते. तरी ती माळ टाकता येईना, कारण तिच्यावर आशीर्वाद घेतलेला आहे आणि आमच्यात अशी वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. ती कपाटात साड्यांखाली आहे. रोझरी मी आता बोटांच्या पेरांवर मोजते.

ईस्टरच्या मिस्साला आम्ही दरवर्षी ऐकतो की पहाटे बायका कबरीपाशी गेल्या आणि कबर रिकामी होती. आमच्या सगळ्या श्रद्धेचा पाया तो. मी लहानपणापासून ऐकत आले आणि दरवर्षी डोळ्यांत पाणी आलं. आता मनात येतं, कबर रिकामी दिसल्यावर त्या बायकांनी पहिल्यांदा काय केलं असेल? त्यांना वाटलं, कोणीतरी उचलून नेलं, आणि आपल्याला सांगितलं नाही. देवदूत नंतर दिसला. तो दिसेपर्यंतचा जो थोडा वेळ असेल, तेवढ्यात मी अजून उभी आहे.

आठवड्याने आम्ही दोघं पुन्हा गेलो. बाबांची कबर उकरली. मी शेवटपर्यंत बघितलं. बघवतं, काही होत नाही. अस्थी धुतल्या, मी आणलेल्या पांढऱ्या कापडात बांधल्या. ते गाठोडं हातात घेतलं, तर शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्याएवढंही वजन नव्हतं. सगळी हयात पोती तोललेला माणूस. राखणदाराने विचारलं, "कुटं ठिवायचं?"

भाऊ घाईने म्हणाला, "नीशमध्ये. ताई, प्लीज. पाटी आहेच, खाली बाबांचं नाव वाढवू. मावशी येते, बाकीचे नातेवाईक येतात, त्यांना काय सांगायचं?"

मला बाबांचा इतका राग आला होता की क्षणभर वाटलं, ठेवावं यांना त्या रिकाम्या भोकात एकटं. आईच्या नावामागे, आईशिवाय. त्यांनी मला जिथे उभं केलं, तिथेच राहू देत. माझ्या हातात होतं ते, आणि मी तसं केलं असतं तर मला कोणी काही म्हटलं नसतं.

"विहिरीत," मी म्हटलं.

दोन माणसांनी झाकण सरकवलं. फादरांनी प्रार्थना म्हटली. गाठोडं मीच सोडलं. आईला दिलेला शब्द मोडलेलाच होता, माझ्या हातून बाबांना दिलेला तेवढा पाळला गेला. आईला विहीर नको होती आणि तिथे ती इतकी वर्षं आपल्या कोणाच्याच सोबतीशिवाय होती, हे आठवून मी तिथे रडले. भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला.

फॉर्मवर सही मी केली. ऑफिसातून बाहेर पडताना मी भावाला सांगितलं की दोन नोव्हेंबरला मावशीला मी सगळं सांगणार आहे. पाटीही काढून टाकणार आहे. निदान एका माणसाला तरी या घरात खरं कळलं पाहिजे.

दोन तारखेला मावशी आली. या वर्षी हातात काठी होती. फाटकापासून भिंतीपर्यंत यायला तिला दहा मिनिटं लागली, तीनदा थांबली. पाटीसमोर उभी राहिली, पदराने पाटी पुसली, आईच्या नावावर गाल टेकवला आणि तशीच राहिली. मी शब्द जुळवत होते. मावशी, ऐक, असं सुरू करायचं होतं.

ती माझ्याकडे वळली. "आमच्या आईचं काहीच राहिलं न्हाई बघ. निस्तं शेत. हिला लई भ्या वाटायचं, आपलंबी तसंच हुईल म्हणून. तू जागा केलीस बाई तिला. तुझा बाप बी हितंच ठिवला न्हवं, तिच्यासंगं?"

भाऊ माझ्या शेजारी होता. मी तोंड उघडलं.

"हो मावशी," मी म्हटलं. "इथेच आहेत दोघं."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि मेणबत्ती लावायला वाकली. मी भावाकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यांत माझ्याबद्दल इतकी कृतज्ञता होती की मला तिथून निघून जावंसं वाटलं. त्याने माझ्याशी जे केलं, ते कधीतरी मी माफ करीन. त्या नजरेला मात्र करणार नाही.